इंधनदर आणि वर्धा जिल्ह्यातील प्रवास व खर्चाच्या सवयी

पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्या किमतींतील चढउतारांमुळे लोकांच्या वाहनवापरात, प्रवासात आणि घरखर्चात जे बदल घडतात, त्यांचा अभ्यास अर्थशास्त्रात प्रामुख्याने 'मागणीची लवचिकता' या संकल्पनेच्या आधारे केला जातो. प्रस्तुत लेखात या बदलांचा विचार महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. मोठ्या शहरांतील मोटारचालकांच्या अनुभवावरून काढलेले निष्कर्ष कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या आणि दुचाकीवर अवलंबून असलेल्या जिल्ह्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) असे त्याचे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ असून तिच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात. नागपूर, अमरावती, यवतमाळ व चंद्रपूर हे शेजारचे जिल्हे होत.

गावापासून बाजारपेठ, महाविद्यालय, तहसील कचेरी आणि रुग्णालय यांचे अंतर हा येथील इंधनखर्चाचा मूळ घटक होय. आर्वीहून वर्ध्याला यायचे तर पन्नास किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. आष्टी तालुक्यातील गावांना त्याहून जास्त. गंभीर आजारात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) येथील रुग्णालय गाठावे लागते. नागपूर-वर्धा मार्गावरील बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे कामगार, वर्ध्याहून नागपूरला रोज 'अपडाऊन' करणारे नोकरदार, तालुक्याच्या गावाहून खेड्यातील शाळेत जाणारे शिक्षक हे रोजच्या प्रवाशांचे मोठे गट आहेत. पेट्रोल महागले म्हणून यांपैकी कोणालाही घरी बसता येत नाही.

पुलगाव ते आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे ब्रिटिश काळात कापसाच्या वाहतुकीसाठी बांधली गेली होती. ती पुढे बंद पडली आणि त्या पट्ट्यातील प्रवास पूर्णतः रस्त्यावर, म्हणजेच डिझेल-पेट्रोलवर आला.

दर कसे ठरतात

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशात अनेक ठिकाणी बसगाड्या कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागल्या. मात्र सर्वसामान्य माणसाला इंधनदराची खरी झळ बसली ती १९७३ च्या तेलसंकटापासून. अरब देशांच्या तेलबंदीनंतर कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत सुमारे १२ डॉलरवर गेला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले होते. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात त्या काळी बैलबंडी हे निषेधाचे प्रतीक नव्हते, ते नित्याचे वाहन होते. त्यामुळे तेलसंकटाचा परिणाम येथे पेट्रोलपेक्षा रॉकेल आणि रासायनिक खते यांच्या टंचाईतून अधिक जाणवला.

पुढे सुमारे तीन दशके इंधनाचे दर शासन ठरवीत असे. ही प्रशासित दरपद्धती १ एप्रिल २००२ पासून कागदोपत्री संपली, तरी प्रत्यक्ष दरवाढीचा निर्णय शासनाच्या संमतीनेच होत राहिला. किरीट पारीख समितीच्या अहवालानंतर २६ जून २०१० रोजी पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले; त्या दिवशी दिल्लीतील दर लिटरमागे ४७.९३ रुपयांवरून ५१.४३ रुपयांवर गेला. डिझेलच्या बाबतीत जानेवारी २०१३ पासून दरमहा सुमारे ५० पैशांची वाढ करण्यात आली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू करण्याची पद्धत आली. पूर्वी दरवाढीच्या आदल्या रात्री पंपावर रांगा लागत. रोज काही पैशांनी दर बदलू लागल्यावर अशा रांगा संपल्या आणि वाढ अंगवळणी पडली. ग्राहकाच्या सवयींच्या दृष्टीने हा बदल नियंत्रणमुक्तीइतकाच महत्त्वाचा आहे.

कच्चे तेल स्वस्त झाले की पंपावरील दर उतरतो, हा समज अर्धाच खरा आहे. २०१४ च्या मध्यास ११५ डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली आला. त्याच काळात केंद्र शासनाने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढविले. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील वायदेबाजारात तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला, आणि मे २०२० मध्ये भारतात पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे १० रुपयांनी व डिझेलवरील १३ रुपयांनी वाढले. या शुल्काचा बहुतांश भाग उपकर व विशेष शुल्काच्या स्वरूपात असल्याने तो राज्यांना वाटून मिळत नाही. दुसऱ्या बाजूला राज्याचा मूल्यवर्धित कर टक्केवारीने लागत असल्यामुळे मूळ किंमत वाढली की राज्याचे उत्पन्नही वाढते. दरवाढीचे खापर केंद्र व राज्य एकमेकांवर फोडतात तेव्हा दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असते.

मे-जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत पेट्रोलने शंभरी ओलांडली. ४ नोव्हेंबर २०२१ च्या शुल्ककपातीनंतर दर साडेचार महिने स्थिर राहिले आणि २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत लिटरमागे १० रुपयांनी वाढले. मुंबईत पेट्रोल १२०.५१ व डिझेल १०४.७७ रुपये झाले. त्यानंतर मे २०२२ मधील केंद्राची, जुलै २०२२ मधील राज्याची आणि मार्च २०२४ मधील तेल कंपन्यांची कपात वगळता दर जवळजवळ स्थिर राहिले. एप्रिल २०२५ मध्ये उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढूनही पंपावरचा दर बदलला नाही.

डेपोपासूनचे अंतर व वाहतूक खर्च यांमुळे जिल्ह्याजिल्ह्यांत दरांमध्ये थोडा फरक असतो. परभणीचा दर राज्यात नेहमी चढा असतो, तो याच कारणाने. राज्याच्या सीमेवरील लोकांना आणखी एक मार्ग उपलब्ध असतो: कोल्हापूरकडील वाहनचालक निपाणीच्या बाजूस, तर सिंधुदुर्गातील गोव्यात टाकी भरून घेतात. वर्धा जिल्ह्याची सीमा कोणत्याही परराज्याला लागून नसल्याने येथील ग्राहकाला हा पर्याय नाही.

मागणीची लवचिकता

किंमत वाढल्यावर वस्तूची मागणी ज्या प्रमाणात घटते, त्या प्रमाणास मागणीची किंमत-लवचिकता म्हणतात. उच्च माध्यमिक वर्गाच्या पाठ्यपुस्तकांत मीठ हे अलवचिक मागणीचे उदाहरण म्हणून दिले जाते. पेट्रोल मिठाइतके अलवचिक नसले तरी अल्पकाळात ते मिठाच्या बरेच जवळ असते. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून साधारणपणे असे आढळते, की दर १० टक्क्यांनी वाढल्यास खप लगेच १ ते ३ टक्क्यांनी घटतो; परंतु काही वर्षांच्या कालावधीत ही घट बरीच मोठी होते. त्याचे कारण उघड आहे. आज लोक फक्त फेऱ्या कमी करू शकतात. पाच वर्षांत ते गाडी बदलू शकतात, घर बदलू शकतात, नोकरीही बदलू शकतात.

तथापि भारतात दर वाढूनही एकूण खप वाढतच गेला. २०११-१२ मध्ये देशात सुमारे दीड कोटी टन पेट्रोल खपले होते, २०२२-२३ मध्ये सुमारे साडेतीन कोटी टन. यावरून लोकांना दरवाढीचे काही वाटत नाही, असा निष्कर्ष काढला जातो, तो योग्य नाही. या काळात उत्पन्न वाढले, रस्ते सुधारले आणि गाड्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. एका गाडीमागे होणारा वापर आणि सर्व गाड्यांचा एकूण वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच संदर्भात इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांचे १८६५ मधील प्रतिपादन उल्लेखनीय आहे. कोळसा कमी खाणारी वाफेची यंत्रे आल्यावर कोळशाचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढला, असे त्यांनी दाखवून दिले. जास्त अ‍ॅव्हरेज देणारी मोटारसायकल घेणारा मनुष्य पूर्वी एस.टी.ने जात होता तेथे गाडीने जाऊ लागतो, हे त्याचेच आजचे रूप होय.

दुचाकी आणि 'अ‍ॅव्हरेज'

पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षासाठी करण्यात आलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकी वाहने वापरतात. पेट्रोल हे श्रीमंतांचे इंधन, ही १९७० च्या दशकातील समजूत त्यामुळे कालबाह्य ठरते. ग्रामीण जिल्ह्यात पेट्रोलचा दर हा मुख्यतः दुचाकीस्वाराचा प्रश्न आहे.

दुचाकीच्या इतिहासाशी वर्ध्याचा एक अप्रत्यक्ष संबंध आहे. १९४५ मध्ये 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या नावाने स्थापन झालेली कंपनी पुढे बजाज ऑटो झाली; ते नाव वर्ध्याचे बछराज बजाज, म्हणजे जमनालाल बजाज यांचे दत्तक-आजोबा, यांच्यावरून घेतले होते. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली लुना आणि १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० या दोन गाड्यांनी इंधनदराला ग्राहकाने दिलेले उत्तर स्पष्ट केले. वेग किंवा डौल यांपेक्षा लिटरमागे किती किलोमीटर, हा प्रश्न आधी आला. गाडी विकत घेताना 'अ‍ॅव्हरेज किती देते?' असे विचारण्याची पद्धत आजही कायम आहे. शंभर ते एकशे दहा सीसीच्या गाड्या ग्रामीण भागात टिकून आहेत, त्या याच हिशेबामुळे.

खर्चाचा अंदाज येण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. सेलू तालुक्यातील एखाद्या गावाहून बुटीबोरीस जाणारा कामगार येताजाता रोज ४० किलोमीटर गाडी चालवितो आणि महिन्यात २५ दिवस कामावर जातो असे मानल्यास महिन्याचे अंतर १,००० किलोमीटर होते. लिटरमागे ५० किलोमीटर धरल्यास २० लिटर पेट्रोल लागते. दर ७५ रुपये असता हा खर्च १,५०० रुपये, तर ११० रुपये असता २,२०० रुपये होतो. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी सुमारे ४,००० रुपये होता. चार माणसांच्या कुटुंबाच्या १६,००० रुपयांत ७०० रुपयांची ही वाढ चार टक्क्यांहून अधिक होते.

पेट्रोल विकत घेण्याच्या रीतीतही दरवाढ प्रतिबिंबित होते. बहुसंख्य दुचाकीस्वार लिटरच्या हिशेबाने पेट्रोल मागत नाहीत. 'शंभरचे टाका', 'दोनशेचे टाका' असे म्हणतात. रक्कम ठरलेली आणि माप बदलते, अशा या व्यवहारात दरवाढ खिशातून जाणाऱ्या नोटेत दिसत नाही, ती टाकीच्या काट्यात दिसते. पूर्ण शंभराऐवजी एकशे दहाचे पेट्रोल मागितल्यास माप चोख मिळते, अशी एक समजूत सर्वत्र प्रचलित आहे. तिला तांत्रिक आधार नाही, कारण यंत्र रकमेच्या आकड्यानुसार वेगळे माप देत नाही; मापाविषयी शंका असल्यास पंपावरील पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. लहान गावांत किराणा दुकानातून बाटलीत पेट्रोल मिळते. ते लिटरमागे महाग पडते आणि अशी विक्री बेकायदेशीर व धोकादायकही आहे. तरीही पंपापर्यंतचे जाणेयेणे वाचते म्हणून लोक ते घेतात.

दर चढल्यावर प्रथम दिसणारा बदल म्हणजे कामे एकत्र करणे. आठवडी बाजाराच्या दिवशीच बँक, कृषी केंद्र आणि दवाखाना उरकून घेतला जातो. एकाच शाळेतील वा एकाच मार्गावरील चार शिक्षक मिळून एक मोटार ठरवितात आणि पेट्रोल आळीपाळीने भरतात. दोघे जाणाऱ्या गाडीवर तिघे दिसू लागतात, ही त्याची धोकादायक बाजू. गाडीची देखभाल मात्र अनेकदा पुढे ढकलली जाते. चाकातील हवा कमी असणे, साखळी सैल असणे, एअर फिल्टर तुंबणे यांमुळे इंधन अधिक जळते. म्हणजे सर्व्हिसिंगचे पैसे वाचवून ते पंपावर द्यावे लागतात.

एस.टी., काळीपिवळी आणि रेल्वे

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या वर्धा विभागात वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव आणि तळेगाव ही आगारे आहेत. इंधन हा महामंडळाच्या खर्चातील मोठा भाग असून भाडेवाढीचे सूत्र डिझेल, टायर, सुटे भाग व महागाई भत्ता यांच्याशी जोडलेले आहे. जून २०१८ मध्ये १८ टक्के, ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के आणि जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के अशी भाडेवाढ झाली. खासगी वाहनाचा खर्च रोज पैशापैशाने वाढतो, एस.टी.चे भाडे काही वर्षे स्थिर राहून एकदम वाढते. त्यामुळे भाडेवाढीनंतरच्या महिन्यांत प्रवासी दुचाकीकडे वळतात आणि पेट्रोल महागले की पुन्हा एस.टी.कडे येतात, अशी ये-जा चालू असते.

ही ये-जा २०२१-२२ मध्ये खंडित झाली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये मिटला. मार्च-एप्रिल २०२२ ची सोळा दिवसांची दरवाढ नेमकी याच संपाच्या शेवटच्या टप्प्यात आली. स्वतःचे वाहन नसलेल्या माणसापुढे त्या वेळी काळीपिवळी किंवा ऑटो एवढाच पर्याय उरला होता आणि त्यांचे भाडे कोणत्याही सूत्राने बांधलेले नव्हते. शाळा नुकत्याच पुन्हा सुरू झालेल्या. गावातील मुलींना मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने तालुक्याला मोफत जाता येत असे, ती सोयही बसबरोबरच थांबलेली. महागाईची चर्चा बहुधा वाहन असणाऱ्यांच्या तक्रारींभोवती फिरते, म्हणून ही बाब नोंदवणे आवश्यक आहे. दरवाढीची सर्वांत मोठी किंमत पुष्कळदा ज्याने एक लिटरही पेट्रोल विकत घेतले नाही त्याने मोजलेली असते.

काळीपिवळीचे अर्थकारण साधे आहे. डिझेल महागले की चालक भाडे लगेच वाढवीत नाही, कारण त्याच मार्गावर दुसरी गाडी उभी असते. तो आधी एक-दोन सीट अधिक बसवितो आणि गाडी भरेपर्यंत थांबतो. प्रवासी दरवाढ पैशात भरण्याऐवजी वेळेत आणि दाटीवाटीत भरतो. पुढे भाडे वाढते, आणि एकदा वाढलेले भाडे डिझेल उतरले तरी सहसा खाली येत नाही. किमती चटकन चढणे व सावकाश उतरणे ही प्रवृत्ती अनेक देशांच्या इंधनबाजारात आढळून आली आहे.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. त्याचा परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. कुटुंबाने बाहेर जायचे तर पूर्वी गाडी काढली जात असे. आता नवरा-बायको दीड तिकिटात जातात. पेट्रोलच्या दरातील काही रुपयांच्या कपातीपेक्षा या सवलतीने प्रवासाच्या सवयी अधिक बदलल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

वर्धा हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील महत्त्वाचे स्थानक आहे. रेल्वेचा मासिक पास हे नागपूरला अपडाऊन करणाऱ्यांचे इंधनदरापासूनचे संरक्षण होते. मार्च २०२० नंतर पॅसेंजर गाड्या आणि पास बराच काळ बंद राहिल्याने हे प्रवासी रस्त्यावर आले. अनेकांनी त्या काळात गाड्या घेतल्या, आणि रेल्वे पूर्ववत झाल्यावर सर्व जण परतले नाहीत. कर्ज काढून घेतलेले वाहन दारात उभे असताना त्याचा हप्ता चुकत नाही, मग त्यातूनच जावे, असा विचार होतो.

डिसेंबर २०२२ मध्ये खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाचा एक टप्पा जिल्ह्यातून जातो. वेळ वाचतो हे खरे. मात्र वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ताशी ८० ऐवजी ११०-१२० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार तेवढ्याच अंतरास बरेच अधिक इंधन खाते. टोल वेगळाच.

शेती, बैलजोडी आणि ट्रॅक्टर

डिझेलच्या दराचा शेतीशी असलेला संबंध हा वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाचा गाभा होय. नांगरणी, वखरणी, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी यांपैकी बहुतेक कामे आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होतात. भाडे एकराने किंवा तासाने ठरते आणि हंगामाच्या तोंडावर गावात जो दर फुटतो तो सर्वांचा होतो. मृगाच्या पावसाआधी जमीन तयार हवी असते. त्यामुळे डिझेल उतरेल म्हणून थांबण्याची सोय शेतकऱ्याला नसते. शेतमालाचा भाव मात्र तो खर्चानुसार ठरवू शकत नाही. कापसाचा व सोयाबीनचा भाव बाजार ठरवितो. म्हणजे वाहतूकदार वाढीव खर्च ग्राहकावर ढकलू शकतो, शेतकऱ्याला तो ढकलण्यासाठी पुढे कोणी नसते.

मग डिझेल महागल्यावर शेतकरी बैलांकडे का परतत नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. आर्वी-कारंजा-आष्टी हा गवळाऊ या प्रसिद्ध गोवंशाचा प्रदेश. शासनाचे गवळाऊ पैदास केंद्र कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे आहे. चपळ व ओढकामास उत्तम असलेले हे बैल एके काळी वऱ्हाड-नागपूर भागातील शेतीचा आधार होते. परंतु १९९० च्या दशकात सोयाबीन पसरले आणि ज्वारीचे क्षेत्र घटले. ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर बैलाची वैरण. बैलजोडी वर्षभर पोसावी लागते, ट्रॅक्टरला मात्र काम असेल त्या तासाचेच पैसे द्यावे लागतात. चराई कमी झाली, गुराखी मिळेनासा झाला. डिझेल कितीही महागले तरी बैलाचे गणित आता जुळत नाही, कारण ते गणित डिझेलने बिघडलेले नसून पीकपद्धतीने बिघडले आहे. डवरणीसारख्या कामासाठी मात्र काही शेतकरी जोडी राखून आहेत. उभ्या पिकाच्या तासांतून डवरा जितक्या नेमकेपणाने जातो तितका ट्रॅक्टर जात नाही.

कापूस बाजारात नेण्याची रीतही बदलली. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगा लागत आणि शेतकरी दोन-दोन दिवस मुक्काम करी. आज कापूस पिकअप किंवा मालवाहू गाडीतून जातो. भाडे फेरीवर असल्यामुळे पाच-सहा क्विंटलवाला लहान शेतकरी एकटा गाडी करू शकत नाही. तो शेजाऱ्याबरोबर भागीत गाडी ठरवितो किंवा गावातच खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला कमी भावाने कापूस देतो. वाहतूक महागली की दुसरा मार्ग वाढतो. संत्र्याच्या बाबतीतही दूरच्या बाजारपेठेचे ट्रकभाडे व्यापारी बागेचा सौदा करतानाच वजा करून घेतो. वेचणीच्या हंगामात शहरातून ऑटोने मजूर आणले जातात आणि त्यांचे येण्याजाण्याचे भाडे मजुरीव्यतिरिक्त शेतकऱ्याला द्यावे लागते.

ओलितासाठी पूर्वी डिझेल इंजिने होती. वीजपंप आल्यावर ती मागे पडली, तरी शेतीला रात्रीची वीज मिळते तेथे काहींनी ती ठेवली आहेत. २०१९ मधील पीएम-कुसुम योजनेपासून सौर पंपांची भर पडत आहे.

घरखर्चातील फेरफार

घरगुती उपभोग खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दरडोई खर्चातील वाहतुकीचा वाटा २०११-१२ मध्ये सुमारे ४ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये सुमारे साडेसात टक्के झाला. याच काळात अन्नावरील खर्चाचा वाटा घटून ५० टक्क्यांच्या खाली आला. हा बदल केवळ दरवाढीचा नाही. लोक अधिक दूर आणि अधिक वेळा जाऊ लागले आहेत. पण त्यामुळेच आता दरवाढ झाली तर तिचा आघात दहा-बारा वर्षांपूर्वीपेक्षा अधिक खोलवर जातो.

खर्च कमी करताना कुटुंबे सर्व बाबींना सारखी कात्री लावत नाहीत. मोटारसायकलचा हप्ता, मोबाइलचे रिचार्ज, मुलांची शिकवणी यांना सहसा हात लागत नाही; कपडे, पाहुण्यांकडे जाणे, घराची डागडुजी आणि वैद्यकीय तपासणी पुढे ढकलली जाते. यांतील शेवटची बाब चिंतेची आहे. रक्तदाब वा मधुमेहाच्या रुग्णाने ठरल्या तारखेस रुग्णालयात जाणे हा जाण्यायेण्याच्या खर्चाचाही प्रश्न असतो; औषध सवलतीत मिळाले तरी भाडे सवलतीत मिळेलच असे नाही.

इंधनदराचा अप्रत्यक्ष भार भाजीपाला व किराणा यांतून येतो. नाशिकचा कांदा, नागपूरच्या कळमना बाजारातून येणारी फळे-भाजी यांच्या किमतीत ट्रकभाडे असते. मात्र भाजीच्या प्रत्येक भाववाढीचे कारण डिझेल नसते. पाऊस व आवक यांचा परिणाम बहुधा मोठा असतो.

स्वयंपाकाचा गॅस

१४.२ किलोचे घरगुती सिलिंडर हा इंधनदराचा दुसरा परिचित चेहरा आहे. १ जानेवारी २०१५ पासून गॅसचे अनुदान थेट बँकखात्यात जमा होऊ लागले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. २०२० पासून सर्वसाधारण ग्राहकांचे अनुदान जवळजवळ बंद झाले आणि मे २०२२ मध्ये सिलिंडरने हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपयांची व मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांची कपात झाली. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांची वाढ झाली. देशभरातील आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये उज्ज्वला लाभार्थ्यांनी वर्षाला सरासरी चारपेक्षाही कमी सिलिंडर भरून घेतले.

वर्धा जिल्ह्यात याचा अर्थ चूल पुन्हा पेटणे असा होतो. पऱ्हाटी आणि तुराटी शेतातून फुकट मिळते, म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर अशी विभागणी होते. या फुकटच्या जळणाची किंमत धुराच्या रूपाने स्त्रियांना मोजावी लागते. चुलीचा धूर कमी करण्याचे प्रयत्न याच गावात फार पूर्वी झाले होते. 'मगन चूल' ही धूर नळीवाटे बाहेर सोडणारी चूल वर्ध्याच्या मगनवाडीतून पुढे आली.

कुमारप्पांचे विवेचन

मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ पासून पाहणारे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी ऊर्जेच्या साधनांचे दोन वर्ग केले होते. कोळसा व खनिज तेल ही साठ्याची साधने: वापरली की संपतात, आणि ती मिळविण्यासाठी राष्ट्रांमध्ये स्पर्धा व युद्धे होतात. वारा, वाहते पाणी, पशुशक्ती, वनस्पती ही प्रवाहाची साधने: ती पुन्हा पुन्हा मिळतात. 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या त्यांच्या ग्रंथात हा विचार विस्ताराने आला आहे. तेलसंकटाच्या तीन दशके आधी केलेली ही मांडणी आज ऊर्जाविषयक चर्चेत पुन्हा वाचली जाते. तिच्यात बैलशक्तीवर दिलेला भर वर सांगितलेल्या पीकबदलामुळे आज व्यवहारात उतरणे कठीण आहे. आयातीवर विसंबणाऱ्या इंधनाबद्दलचा तिचा इशारा मात्र, कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८० टक्क्यांहून अधिक आयात करणाऱ्या देशात, जुना झालेला नाही.

विजेवर चालणारी वाहने

२०२१ च्या दरवाढीनंतर विजेच्या दुचाकींकडे ग्राहक वळू लागले. केंद्राची फेम-२ योजना (२०१९) आणि महाराष्ट्राचे जुलै २०२१ चे विद्युत वाहन धोरण यांमुळे खरेदीत सवलत मिळाली. जून २०२३ मध्ये केंद्राने दुचाकींवरील अनुदान कमी केल्यावर किमती वाढल्या. शहरातल्या शहरात फिरणाऱ्यास आणि घरी चार्जिंगची सोय असणाऱ्यास ही वाहने परवडतात. वर्धा, हिंगणघाट यांसारख्या शहरांत ई-रिक्षाही दिसू लागल्या आहेत. खेड्यातील ग्राहकाच्या अडचणी वेगळ्या आहेत: पांदण रस्ता, मागे खताचे पोते, वीजपुरवठ्यातील खंड, बिघाड झाल्यास दुरुस्तीसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागणे. पेट्रोलची गाडी कोणत्याही चौकातला मिस्त्री सुरू करून देतो. शिवाय वापरलेली मोटारसायकल विकली तर तिची काही रक्कम हमखास हाती येते, तर वापरलेल्या बॅटरीच्या गाडीला किती किंमत येईल याचा भरवसा नसल्याने हंगामाच्या पैशावर गाडी घेणारा शेतकरी अद्याप पेट्रोलच्याच गाडीला पसंती देतो.